स्वस्त स्प्रे गन आणि वेंगुर्ल्याची हवा

लाकडावर फिनिश मारायला स्प्रे गन हवी म्हटलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. दीड हजारांची दाखवू, तीन हजारांची, की आठ हजारांची? गेला पावसाळा सरल्यावर आमच्या वर्कशॉपसाठी गन घेताना मी बरीच फिरले, उसन्या गन आणून मारून बघितल्या, कंप्रेसरवाल्यांना प्रश्न विचारून भंडावलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं, की गन सगळ्यात शेवटी निवडायची. लाकडावर काय मारणार ते आधी ठरवायचं. त्याला हवा किती लागेल आणि ती कोरडी कशी मिळेल, ते त्यानंतर. एवढं कळलं की दुकानातल्या निम्म्या गन आपोआप बाद होतात. कोकणात समुद्राजवळ काम करणाऱ्यांना तर हे फारच लागू आहे, कारण आपल्याकडे हवेत पाणी इतकं असतं की पुण्या-नाशिकच्या माणसाने दिलेला सल्ला इथे अर्धाच चालतो.

आमचं वर्कशॉप वेंगुर्ला-सावंतवाडी रस्त्यावर, तुळसच्या बाजूला. बाबांनी सुरू केलेलं. फणस, साग, शिवण ही आमची मुख्य लाकडं. पॉलिशचं काम आबा करतात. ते आमच्या नात्यातले नाहीत, पण बाबांच्या वेळेपासून आहेत आणि सगळे त्यांना आबाच म्हणतात. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये भिजवायचा, गाळायचा आणि कापसाच्या बोळ्याने हात फिरवत फिरवत चढवायचा. फणसाच्या पिवळ्या लाकडावर त्यांच्या हातून जी झळाळी येते ती मला कुठल्याही यंत्राने आणता आलेली नाही, आणि घरातल्या देव्हाऱ्याला, पेटीला, पाटाला मी अजूनही त्यांचंच पॉलिश देते.

गन लागली ती एका मोठ्या कामामुळे. वेंगुर्ला बंदराच्या बाजूला एक जुनं कौलारू घर पाहुण्यांना राहण्यासाठी तयार होत होतं. आडव्या पट्ट्यांच्या सागवानी झडपा, ओसरीवरचा झोपाळा, जेवणाच्या टेबल-खुर्च्या आणि घरातले जुने दरवाजे नव्याने करून द्यायचे होते. झडपांवर ब्रश चालवून बघा. प्रत्येक पट्टीला वरची बाजू, खालची बाजू, दोन कडा, आणि जिथे पट्टी चौकटीत शिरते तिथे ब्रशमधून निसटलेला थेंब हमखास जमतो. तो वाळला की घासून काढायला बोटही शिरत नाही. शिवाय चपडा बाहेरच्या कामाला उपयोगाचा नाही. पाणी लागलं की पांढरा पडतो. बाहेर ऊन, खारं पाणी आणि जूनपासूनचा मारा सहन करायला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हवं, तेही बाहेरच्या वापरासाठी असलेलं, बेस आणि हार्डनर असं दोन डब्यांचं. मेलामाईन स्वस्त पडतं आणि घरात चांगलं दिसतं, पण ते बाहेर टिकत नाही. म्हणून ठरलं: झडपा आणि झोपाळ्याला पीयू, आतल्या टेबल-खुर्च्यांना पाण्यातलं पीयू. पाण्यातल्याचं कारण पुढे सांगते.

फिनिश ठरल्यावर नोझल ठरतं. सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं भरणारा पहिला हात), लॅकर, पीयू यांना १.३ ते १.५ मिलिमीटरचं नोझल पुरतं. प्रायमर किंवा ऑइल पेंट जाड असतो, त्याला १.८ किंवा त्याहून मोठं. लाकडाला नुसता स्टेन मारायचा तर १ मिलिमीटरच्या आसपासचंही चालतं. स्वस्त गनच्या खोक्यावर "वुड, मेटल, वॉल सगळ्यासाठी" असं लिहिलेलं असतं. आत नोझल २.५ चं असेल तर लाकडाच्या शेवटच्या हातासाठी ती गन नाही, हे खोकं न उघडताच कळतं.

पहिली मारून बघितली ती हातात धरायची इलेक्ट्रिक गन. मालवणच्या मावसभावाकडे होती, त्याने तिने फाटक आणि खिडक्यांचे गज रंगवले होते. साधारण तीन हजारांना येते, कंप्रेसर लागत नाही, प्लगमध्ये घातली की सुरू. मोह पडावा अशीच वस्तू. पण माहितीपत्रक नीट वाचलं तर त्यात फ्लॅश पॉइंटची मर्यादा दिलेली असते, आणि ती फार महत्त्वाची आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या थिनरचा फ्लॅश पॉइंट आपल्या खोलीच्या तापमानाच्या बराच खाली असतो. अशा स्वस्त गनमध्ये बहुतेक वेळा कार्बन ब्रशची मोटर असते, ती फिरताना बारीक ठिणग्या टाकते, आणि ती मोटर तुमच्या हातात, थिनरच्या धुक्याच्या मधोमध असते. विक्रेते याबद्दल बोलत नाहीत. मी तिच्यात थिनरवालं काहीच घातलं नाही, फक्त पाण्यातलं सीलर मारून बघितलं.

फणसाच्या सपाट फळीवर काम बरं झालं. झडपेच्या नमुन्यावर नाही. थेंब मोठे पडतात, फवाऱ्याच्या कडा तुटक येतात आणि पट्ट्यांच्या कोपऱ्यात ओघळ धरतो. मोटर हातातच असल्याने मनगटही लवकर भरून येतं. फाटक, गज, कुंपण, बागेतला बाक, शेळ्यांच्या गोठ्याचा दरवाजा यांना ही गन मी आनंदाने सुचवीन. वर्षातून एकदा घरचं रंगकाम करणाऱ्याने यापुढे जायचं कारणही नाही. गिऱ्हाईक ज्यावर हात फिरवून बघणार आहे त्या लाकडासाठी मात्र ती पुरी पडत नाही.

एअरलेस मशीन मी बघितलंही नाही. दोन-तीन हजार पीएसआय (चौरस इंचाला इतके पौंड) दाबाने रंग फेकणारं ते यंत्र भिंती आणि मोठ्या छतांसाठी. लहान लाकूडकामात त्याचा धाक जास्त आणि उपयोग कमी. बोटाजवळ चुकून ट्रिगर दाबला गेला तर रंग कातडीतून आत शिरतो.

खरी शिकवणी कुडाळला झाली. तिथे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे तीन प्रकारच्या गन भिंतीला टांगलेल्या असतात आणि शेडच्या मागे मोठा कंप्रेसर. मी फणसाच्या आणि सागाच्या फळ्या, एक तयार झडप आणि ब्राऊन पेपरचा गुंडाळा घेऊन गेले. त्यांनी मनापासून वेळ दिला.

आधी खाली डबा असलेली सक्शन गन. हजारभर रुपयांत मिळते, गावोगावी ग्रिलवाल्यांकडे हीच दिसते. ४५-५० पीएसआयवर फवारा झकास बारीक होतो, यात शंका नाही. पण निम्म्याहून जास्त माल लाकडावर न बसता धुकं होऊन उडून जातो, आणि त्या धुक्यासोबत पैसेही. पीयूचा भाव विचारला तर हा हिशोब लगेच पटतो. दुसरं असं, की खाली लोंबणारा लिटरभराचा डबा झडपेच्या पट्ट्यांमध्ये गन तिरकी करू देत नाही आणि गन कलली की तळाचा माल ओढला जात नाही.

मग एचव्हीएलपी. जास्त हवा, कमी दाब. गनच्या टोपीपाशी, म्हणजे नोझलभोवतीच्या हवेच्या झाकणापाशी, दाब १० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि फवारलेल्यातला किमान ६५ टक्के माल वस्तूवर बसला पाहिजे, असा या प्रकाराचा निकष कॅलिफोर्नियातल्या हवा-प्रदूषणाच्या नियमांमुळे रुजला. वर कप असलेली ग्रॅव्हिटी गन होती, १.३ चं नोझल. मारली आणि मी थक्क झाले. धुकं अगदी कमी, पट्टीच्या खालच्या बाजूलाही माल हळुवार बसत गेला, कोपरे स्वच्छ. मला हीच हवी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"ताई, तुमचो कंप्रेसर केवढो?"

"एक एचपी. खिळे मारायच्या गनसाठी बाबांनी घेतलेला."

"मगे ही गन तुमका नको. ही हवा खूप खाता. तुमचो कंप्रेसर धा सेकंदात दम सोडतलो."

आणि त्यांनी आकडे सांगितले. बहुतेक एचव्हीएलपी गन १० ते १२ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा मागतात. एक घनफूट २८.३ लिटर. एक एचपीचा लहान कंप्रेसर खरोखर तीन-चार सीएफएमच्या पलीकडे जात नाही. ट्रिगर दाबल्यावर सुरुवातीला टाकीतली साठवलेली हवा मिळते, फवारा छान दिसतो, मग दाब कोसळतो आणि गन थुंकायला लागते. दुकानात पाच सेकंद मारून दाखवलेली कुठलीही गन चांगलीच दिसते, ती यामुळे.

कंप्रेसरच्या पाटीवर लिहिलेला सीएफएम पुष्कळदा पिस्टनने ढकललेल्या हवेचा असतो. बाहेर प्रत्यक्ष मिळणारी हवा त्यापेक्षा कमी असते. ती घरच्या घरी मोजता येते, आणि जुना कंप्रेसर घेणाऱ्याने तर मोजलीच पाहिजे. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून कंप्रेसर चालवायचा आणि काटा ६ बारवरून (बार हेही दाबाचंच माप) ८ बारवर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघायचं. टाकी ५० लिटरची असेल तर दोन बार वाढायला १०० लिटर हवा आत गेली. त्याला ३६ सेकंद लागले, तर मिनिटाला साधारण १६७ लिटर, म्हणजे सहाला थोडा कमी सीएफएम. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात कंप्रेसर बघायला गेले तेव्हा मी प्रत्येक दुकानात हे करून दाखवायला लावलं. जे तयार झाले त्यांच्याशीच पुढे बोलले. दोन एचपीचा, ५० लिटर टाकीचा, सिंगल फेजवर चालणारा घेतला. चौदा हजारांच्या आसपास पडला.

सहा सीएफएम हातात आल्यावर गनचा प्रश्न सोपा झाला. एलव्हीएलपी नावाने मिळणारी, कमी हवेवर चालणारी ग्रॅव्हिटी गन, १.३ चं नोझल, चार-पाच सीएफएमवर चालणारी. साडेतीन हजारांना मिळाली. एलव्हीएलपी या शब्दामागे एचव्हीएलपीसारखा पक्का निकष नाही, ज्याला वाटेल तो खोक्यावर छापतो. त्यामुळे नावाकडे न बघता हवेचा आकडा वाचायचा. या गनचा फवारा एचव्हीएलपीपेक्षा अरुंद असतो. सहा फुटी टेबलाला जास्त फेऱ्या लागतात, आणि रोज मोठी कपाटं, दरवाजे करणाऱ्याला ही गन संथ वाटेल. आमच्या झडपांना अरुंद फवाराच सोयीचा पडला.

गन हातात घेऊन काय बघायचं तेही सांगते, कारण स्वस्तात दोन सारख्या दिसणाऱ्या गनमध्ये फरक इथेच असतो. टोपी आणि नोझल काढून बघा. नोझल आणि सुई स्टेनलेसची हवी. पाण्यातलं फिनिश मारणार असाल तर त्यावर तडजोड करू नका, नाहीतर गंज लाकडावर उतरतो. टोपी पितळेची बरी. टोपीच्या दोन शिंगांमधली बारीक भोकं उजेडात धरून तपासा, एकात जरी धातूचा कण अडकला तरी फवारा एका बाजूला वाकतो. नोझल, सुई आणि टोपी यांचा जोड सुटा मिळतो का, पॅकिंगचं किट मिळतं का, हे विचारा. मग दुकानातच कपात साधं पाणी घालून ब्राऊन पेपरवर मारून बघा, निदान अर्धा मिनिट सलग. ओला पट्टा मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांना सारखा निमुळता यायला हवा. मी माझी गन घेतली त्याच दुकानात त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगाचा पट्टा स्पष्ट वाकडा आला होता, आणि बाहेरून दोन्ही नग अगदी एकसारखे होते.

आता पाण्याबद्दल. इथे मला थोडं थांबायचं आहे.

नवा कंप्रेसर आणून ठेवला तेव्हा आबा म्हणाले होते, "अगो बाय, गन खंयचीय घे, पन टाकीतला पाणी आधी काढ." आबांनी आयुष्यात स्प्रे मारलेला नाही. पण ओल्या हवेत चपडा पांढरा पडतो हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे, आणि आषाढात ते पॉलिशला हात लावत नाहीत.

हिशोब असा. ३० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. आपल्याकडे आर्द्रता ८० टक्के हे नेहमीचंच, तेव्हा त्यात २४ ग्रॅम असतं. कंप्रेसर ती हवा दाबून एक अष्टमांश जागेत कोंबतो. दाबल्यावर हवा तापते, म्हणून पाणी लगेच दिसत नाही. ती पुन्हा ३० अंशांवर आली की तेवढ्या जागेत चारएक ग्रॅमच वाफ राहू शकते. उरलेल्या वीस ग्रॅमचं पाणी होतं. माझी गन आठेक मिनिटांत घनमीटरभर हवा ओढते. तासभर ट्रिगर दाबून काम केलं तर दीडशे ग्रॅम पाणी, वाटीभर. यातलं काही टाकीत जमतं. बाकीचं पाइपमधून जात जात थंड होतं आणि गनच्या टोकाशी थेंब होऊन लाकडावर पडतं. पीयूचा हार्डनर पाण्याशी क्रिया करतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फिल्ममध्ये बारीक फुगे आणि भोकं राहतात. बरेच जण याला मालाचा दोष समजून कंपनी बदलतात.

यावर मी खर्च केला आणि तो मला गनपेक्षा जास्त उपयोगी पडला. कंप्रेसर मागच्या पडवीत सावलीत ठेवला. तिथून फवारणीच्या जागेपर्यंत भिंतीवरून अर्ध्या इंची जीआय पाइप फिरवला, उतार देऊन, आणि सगळ्यात खालच्या टोकाला पाणी काढायचा कॉक. हवा घ्यायचा फाटा पाइपच्या वरच्या अंगाने काढला, म्हणजे तळातलं पाणी त्यात शिरत नाही. लोखंडी पाइपमध्ये हवा थंड होते आणि पाणी तिथेच सुटतं. फिल्टर-रेग्युलेटर कंप्रेसरपाशी न लावता पाइपच्या शेवटी, फवारणीच्या जागेजवळ लावला. फिल्टर फक्त थेंब अडवतो, वाफ अडवत नाही, म्हणून हवा त्याच्यापर्यंत पोचताना आधीच गार झालेली हवी. दुकानात एफआरएल नावाचा तिहेरी संच देतात. त्यातला तिसरा भाग हवेत तेल सोडतो, तो हत्यारांसाठी असतो. फिनिशच्या कामाला तो अजिबात लावायचा नाही. गनच्या खाली सिलिका जेलची छोटी कुपी लावते; केशरी दाणे हिरवे झाले की बदलते. आणि टाकीखालचा नट रोज संध्याकाळी उघडते.

होज ८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा घेतला. सोबत फुकट मिळणारा वेटोळ्याचा बारीक पाइप दाब खातो. दाब वाचायचा तो गनला लावलेल्या छोट्या गेजवर, ट्रिगर दाबून हवा वाहत असताना. भिंतीवरचा आकडा आणि गनपाशी मिळणारा आकडा यांत चांगला फरक पडतो.

टर्बाइनचं, म्हणजे पंख्यांनी हवा ढकलणारं, एचव्हीएलपी मशीन आपल्या किनाऱ्याला खरं तर सगळ्यात योग्य आहे. त्यात टाकी नाही, हवा फारशी दाबली जात नाही, उलट कोमट होऊन येते, त्यामुळे पाण्याचा प्रश्नच जवळपास सुटतो. मोटरही लांब जमिनीवर राहते. पण तीन-चार स्टेजच्या चांगल्या मशीनची किंमत माझ्या एकूण खर्चाच्या पलीकडे गेली. मी लोकांच्या घरी जाऊन काम करत असते, तर थांबून पैसे साठवून तेच घेतलं असतं.

माल पातळ करण्याबाबत मी आता डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. बी-४ फोर्ड कप मिळतो, तळाला भोक असलेला. काठोकाठ भरायचा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. माझ्या गनला पीयू १८ ते २२ सेकंदांत बसतं. सकाळी गारव्यात तोच माल जाड असतो, दुपारी पातळ, म्हणून प्रत्येक वेळी मोजायचं. बेस, हार्डनर आणि थिनरचं प्रमाण मात्र डब्यावर दिलेलंच. सेकंद जुळवायला थिनर ओतत सुटायचं नाही. जाड माल किंवा कमी दाब असला की ऑरेंज पील येतं, म्हणजे पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. गन सहा-आठ इंचांवर, लाकडाशी काटकोनात, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत न्यायची, आणि ट्रिगर लाकडाच्या बाहेर दाबून बाहेरच सोडायचा.

वेळेचंही गणित आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी लाकडावर दव असतं. मतलई वारे थांबतात आणि खारे वारे अजून सुरू व्हायचे असतात, तो मधला काळ फवारणीला सगळ्यात चांगला. आमच्याकडे साधारण दहा ते साडेबारा. नंतर समुद्रावरचा वारा धूळ आणि मीठ घेऊन येतो. भिंतीवर एक आर्द्रतामापक लावला आहे, तो ८० च्या वर असेल तर पीयू उघडत नाही. लॅकर मारणाऱ्यांना तर जास्त जपावं लागतं. त्यातलं थिनर इतक्या झपाट्याने उडतं की लाकडाचा पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसून पांढरी झाक येते. हे गनमधून येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगळं. फिल्टरने ते थांबत नाही, सावकाश उडणारं रिटार्डर थिनर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात घालावं लागतं किंवा दिवस बदलावा लागतो.

जुन्या दरवाज्यांनी वेगळीच परीक्षा घेतली. कोकणातल्या जुन्या घरांत लाकडाला काय काय लावलेलं असतं: खोबरेल, काजूच्या टरफलाचं तेल, होड्यांना लावतात तसं माशाचं तेलही. वर्षानुवर्षं मुरलेलं. त्यावर फिनिश मारलं की ते मागे सरतं आणि गोल गोल खड्डे पडतात, फिश आय म्हणतात ते. नमुन्याच्या कोपऱ्यात तसं दिसल्यावर मी थिनरने पुन्हा पुन्हा, फडका बदलत पुसलं, तरी थोडं राहिलंच. आबांनी मार्ग काढला. स्पिरिटमधलं चपड्याचं पातळ द्रावण बाटलीत स्थिर ठेवायचं, मेण तळाला बसतं, वरचं नितळ तेवढं ओतून घ्यायचं. मेण काढलेल्या या चपड्याचा एक हात त्या दरवाज्यांना मारला. तेल खाली अडलं, आणि मेण नसल्याने वरचं पीयूही नीट धरलं. आबांच्या चपड्यावर माझ्या गनने मारलेलं पीयू असे ते दरवाजे झाले, आणि त्या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे.

आता मास्क. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचं धुकं छातीत गेलं तर काही जणांना कायमची ॲलर्जी जडते, मग पुढे थोड्याशा वासानेही दमा उठतो. कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क याला काहीही करू शकत नाही. चांगल्या वायुविजनाची जागा, डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज अधिक कणांचा फिल्टर असलेला चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, एवढं मी किमान मानते. वास आला की कार्ट्रिज बदलू, असं आयसोसायनेटच्या बाबतीत चालत नाही, कारण वास येईपर्यंत धोक्याची पातळी ओलांडलेली असते. तारीख लिहून बदलायची. रोज पीयू मारणाऱ्याने बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच घ्यावा. दम्याचा त्रास असलेल्याने पीयू फवारूच नये. आतल्या सामानासाठी मी पाण्यातलं फिनिश निवडलं ते यासाठी. सिंगल पॅकचं घेतलं, त्यात वेगळा हार्डनर नाही, आगीची भीती नाही, गन पाण्याने धुता येते. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उठतात, ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे लागतात, आणि दमट दिवशी वाळायला ते कंटाळा आणतं.

फिल्टर, होज, मास्क धरून सगळा खर्च पंचवीस हजारांच्या आत बसला. त्यात गनचे साडेतीन हजार. हे मला मिळालेले दर. गावाप्रमाणे इकडे-तिकडे होतील.

एक तयारी अजून ठेवावी लागते. आमच्याकडे वीज मध्येच जाते. ५० लिटरच्या टाकीत ८ बारपासून ४ बारपर्यंत २०० लिटर हवा वापरता येते, माझ्या गनला ती दीड मिनिट पुरते. दोन डब्यांचं पीयू कपात कालवलेलं असतं, ते गनमध्ये वाळलं तर सुई-नोझल गेलं. म्हणून वीज गेली की हातातली बाजू जोडापर्यंत पूर्ण करते, कपातलं उरलेलं परत डब्यात न ओतता वेगळ्या भांड्यात काढते, आणि थिनरची भरलेली बाटली जी कायम शेजारी असते ती कपात रिकामी करते. शेवटचं अर्धं मिनिट हवा गन धुण्यासाठी राखलेली असते. टोपी आणि नोझल काढून ब्रशने साफ करायचं; आख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवायची नाही, आतली पॅकिंग फुगतात आणि सुईचं वंगण निघून जातं.